खुराकाची जादा फेरी

मी घाबरट बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घाबरलेलीच आहे, आणि उगाच कुणाचा गैरसमज नको. साप मी फावड्याने मारलेला आहे. आडव्या अडकलेल्या करडाला आत हात घालून बाहेर काढलेलं आहे. पण त्या दोन आठवड्यांत नुसतं खुराकाच्या पिंपाचं झाकण उघडायचं म्हटलं तरी मी दोनदा मागे फिरायची.

आमच्याकडे सोळा दुभत्या शेळ्या. चरायला नेणं, आणणं, कुंपण आणि पाणी ही आमच्या ह्यांची कामं. धार, खुराक आणि आरडाओरडा ही माझी. शेवटचं काम ह्यांनी माझ्या यादीत घातलंय, मी नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तरी ह्यांना वाटतं मी ओरडते. मी ओरडत नाही, मी नीट ऐकू जाईल असं बोलते.

खुराकाच्या पिंपाला मात्र फक्त माझा हात लागायचा. त्यालाही कारण होतं. तीन वर्षांपूर्वी पिंपाचं झाकण उघडं राहिलं आणि आमची एक तरणी शेळी मक्याचा भरडा पोट फुटेस्तोवर खाऊन मेली. शेळीला कळत नाही हो कुठे थांबायचं. पाला खाताना नखरे करील, पण भरडा दिसला की शुद्ध हरपते. पोटात तो आंबतो, आणि मग तिचं स्वतःचं पोटच तिला विष घालतं. ती मरताना मी जवळ होते. त्या दिवशी मी नियम केला की खुराक घालीन तर मी, दुसरं कुणी नाही. ह्यांची काही हरकत नव्हतीच. खुराकाला हे ‘पीठ’ म्हणतात. शेळीने चरावं, पीठ कसलं खायचं, असं ह्यांचं मत.

आणि चरणं म्हणजे ह्यांच्या हिशेबाने सकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. तेच यंदा बदललं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, शेळ्यांच्या पोटातले जंत बघून सांगितलं, दव सुकल्याशिवाय कुरणात सोडायचं नाही, आणि ऊन चढलं की परत आणायचं. सकाळी नऊ ते दुपारी एक. चार तास. बाकी वेळ गोठ्यात सुकं गवत, आणि धारेच्या वेळी सकाळ-संध्याकाळ मोजून खुराक. शेळीमागे एक डबा. सोळा डब्यांची एक फेरी पाच किलोची होते. पन्नास किलोच्या गोणीत दहा फेऱ्या, म्हणजे गोणी पाच दिवस पुरणार. यात न समजण्यासारखं काही नाही.

“घड्याळावर चरायला त्या काय कारकून आहेत?” हे म्हणाले.

“कारकून नाहीत, म्हणून तर घड्याळ तुमच्या मनगटावर बांधलंय,” मी म्हणाले.

पहिल्या आठवड्यात शेळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. एक वाजता आणून बांधल्या की सोळाच्या सोळा फाटकाकडे तोंड करून ओरडायच्या. ह्यांचा जीव कासावीस व्हायचा. हे ओट्यावर बसायचे, उठायचे, परत बसायचे. मी म्हणायची, ओरडू द्या, आठ दिवसांत गप्प होतील. आणि खरंच, दहाव्या दिवशी त्या दुपारच्या गप्प झाल्या. मी आपली खूश.

त्याच आठवड्यात गोणी चौथ्या दिवशी संपली.

आधी वाटलं, दुकानदाराने मापात मारलं. पुढची गोणी आल्याबरोबर काट्याला लटकवली. पन्नास भरली. तीही साडेतीन दिवसांत तळाला गेली, आणि तिच्यानंतरची तर तीनच दिवसांत. उंदीर म्हणावे, तर उंदीर पंधरा-वीस किलो खात नाहीत, आणि खाल्लं तर तो उंदीर मला दिसला असता. चोर म्हणावा, तर शेळ्यांचा भरडा डब्या-डब्याने चोरणारा चोर कोण असेल? अशी एकेक शंका मी झाडून टाकली, आणि शेवटी जी उरली तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.

तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. आम्ही सगळे हसलो, तीही हसली. मग एक दिवस सकाळी आंघोळ करून आली आणि तासाभराने पुन्हा आंघोळीला गेली. मग शेजारणीला तिच्याच नवऱ्याची खबर विचारली, तो जाऊन सहा महिने झाले होते. शेवटच्या वर्षी मी तिला जेवू घालत होते, तर माझ्याकडे अगदी प्रेमाने बघून म्हणाली, “किती चांगल्या आहात हो तुम्ही. तुमची आई कुठे असते?” मी हातातला घास तसाच धरून बसले होते. हे सुरू झालं तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. मी पंचावन्न पूर्ण केली.

म्हणजे मी सकाळी खुराक घालत होते आणि विसरून पुन्हा घालत होते. दुसरं काय असणार? पिंपाला माझ्याशिवाय हात लावतं कोण?

मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. एक फेरी घातली की एक रेघ. संध्याकाळी रेघा मोजायची, दोन. दुसऱ्या दिवशी दोन. रेघा बरोबर आणि गोणी मात्र खाली चाललेली. एका सकाळी मी हातात खडू घेऊन भिंतीसमोर उभी होते आणि एकदम लक्षात आलं, की जी बाई खुराक घातलेला विसरते, ती रेघ मारायचीही विसरणारच. त्यावेळी माझे हातपाय असे गार पडले की धारेचं भांडं खाली ठेवावं लागलं. शेळीला गार हात आवडत नाहीत. जिची धार काढत होते त्या नकटीने लाथ मारली.

तुम्ही म्हणाल, पिंपाला कुलूप का नाही लावलं? कुणापासून लावू? किल्ली माझ्याच खिशात राहणार होती.

मी स्वतःच्या परीक्षा घेऊ लागले. शेळ्यांची नावं उलटी म्हणायची. काल जेवायला काय केलं होतं, परवा काय केलं होतं. शाळेतले पाढे. एकोणतीसचा पाढा अडला, तर अर्धा दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग आठवलं, एकोणतीसचा मला शाळेतही येत नव्हता. माणसांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. नाही गेले. कागदावर त्या आजाराचं नाव लिहिलं गेलं, की मग ते पुसता येणार नाही असं वाटायचं.

तोवर शेळ्यांवरही दिसायला लागलं. लेंड्या सुट्या, गोल पडायच्या त्या एकमेकींना चिकटून मऊ पडायला लागल्या. सुकं गवत तसंच उरायचं. दूध घेणाऱ्याच्या यंत्रावर फॅट उतरली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खुराक जास्त झाला की आधी हेच दिसेल, लेंड्यांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. मी ठेवत होते. दिसतही होतं. आणि मी मूग गिळून बसले होते, कारण त्यांना फोन करायचा म्हणजे सांगायला हवं होतं की जादा कोण घालतं.

शेवटी एका दुपारी मी ह्यांना सांगितलं. हे कुंपणाची तार पिळत होते.

“अहो, एक सांगायचंय. रागावू नका.”

“तू सांगणार आणि मी रागावणार? एवढी ताकद नाही माझ्यात.”

“थट्टा नको. माझं डोकं जातंय. आईसारखं. मी खुराक दोन-दोनदा घालते आणि मला आठवत नाही.”

हे तार पिळत राहिले, पिळत राहिले, ती तुटली. चेहरा चुन्यासारखा झाला होता. मग म्हणाले, “तुझं आपलं काहीतरीच,” आणि दुसऱ्या खांबाकडे निघून गेले. मला वाटलं, माझ्या काळजीनेच असं झालं. रात्रभर मला वाईट वाटत राहिलं, की उगाच ह्यांच्या जिवाला घोर लावला.

त्यानंतर मी रेघांवरचा भरवसा सोडला आणि वजन करायला लागले. गोणी पिंपात उभीच असते. तिला हूक लावायचा, काट्याला लटकवायची आणि भरेल ते वजन भिंतीवर लिहायचं. पाठीचं काय व्हायचं ते होवो.

ज्या दिवशी हे सगळं झालं, त्या दिवशी माझी दाढ काढायची होती. सकाळी नवी गोणी फोडली, धार काढली, एक फेरी घातली. नऊला शेळ्या कुरणात गेल्या. अकराला निघण्याआधी मी गोणी लटकवली. पंचेचाळीस. लिहिलं भिंतीवर. दाताच्या डॉक्टरकडे गर्दी होती. त्याने दाढ काढायला तासभर घाम गाळला, आणि मी परत आले तेव्हा अडीच वाजले होते. अर्धं तोंड बधिर, गालात कापसाचा बोळा, ओठ कुठे आहे त्याचा पत्ता नाही.

फाटकातून आत आले आणि थबकले. गोठ्यातून काही म्हणजे काही आवाज नव्हता. खाण्याचा नाही, शिंगं आपटल्याचा नाही, घंटेचा नाही.

फटाकडी आडवी पडली होती. ती आमची सगळ्यात जास्त दूध देणारी, आणि तेवढीच आगाऊ. मी आल्यावर उठून अंगावर धावून येते, तिने मानसुद्धा हलवली नाही. मान लांब करून दात करकर खात होती. डावी कूस वर आली होती. मी तिथे मूठ दाबली तर आत पाणी डुचमळलं. तोंडाला आंबूस वास येत होता. तो वास मी तीन वर्षांपूर्वी घेतलेला होता. शेजारी आणखी तिघी माना टाकून उभ्या होत्या, पुढ्यातल्या सुक्या गवताला कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

मी ओरडले. ते खरंच ओरडणं होतं. अर्ध्या तोंडाने काय शब्द आले कोण जाणे, पण हे मागच्या कुंपणापासून धावत आले, फटाकडीकडे बघितलं आणि खांबाला धरून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा विचारलं, “कोण बोलतंय? नीट बोला.” मी गालातला बोळा काढून फेकला आणि पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, चाळीस मिनिटांत पोचते. तोवर खायचा सोडा पाण्यात कालवून गालाच्या कडेने हळूहळू पाजा. डोकं वर ओढू नका, नाहीतर फुप्फुसात जाईल. ज्या उभ्या आहेत त्यांना बसू देऊ नका.

ती चाळीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. विसरणार नाही असं म्हणताना आता जीभ अडखळते, पण असो. हे त्या तिघींना दोरीने धरून अंगणात फिरवत होते. मी फटाकडीचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने सोडा पाजत होते. अर्धा तिच्या पोटात, अर्धा माझ्या अंगावर. आणि सगळा वेळ मी आठवायचा प्रयत्न करत होते, सकाळी मी यांना पुन्हा घातलं का? भिंतीवरचा आकडा बघायचं सुचलंच नाही. मला डबा दिसत होता, माझा हात दिसत होता, फटाकडीचं भरड्यात खुपसलेलं तोंड दिसत होतं. पण ते आजचं होतं, कालचं होतं की मागच्या वर्षीचं? रोजचं काम असतं ना, ते कुठल्या दिवसाचं हे कळायला काही खूणच नसते. मी मारली हिला, मी स्वतःच्या हाताने मारली, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि त्याच्या मागे आणखी एक होतं, शेळीहून मोठं. आता हे लपणार नाही. आता सगळ्यांना कळणार. मग हळूहळू मला कळायचं बंद होणार.

डॉक्टरीणबाई आल्या, बूट चढवले, गुडघ्यावर बसल्या. कूस दाबली, कानाला नळी लावली, डोळ्याची पापणी उलटून बघितली.

“भरडा खाल्लाय. किती खाल्ला? आणि कधी? खरं सांगा, औषध त्यावर ठरतं.”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. माझ्या बधिर ओठातून लाळ गळत होती आणि डोळ्यातून पाणी, काय गळतंय ते पुसायचंही भान नव्हतं. “बाई, माझं डोकं जातंय. मी घालते आणि विसरते. दोन आठवडे झाले. माझ्या आईला होतं तेच. तुम्हाला सांगायला हवं होतं, मी घाबरले. मीच केलं हे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अंगणातल्या तिघींच्या खुरांचा आवाज थांबला.

“तिने नाही केलं,” हे म्हणाले. दोरी हातात तशीच होती. “मी घालतो. दुपारी आणल्यावर. एक फेरी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि काय सांगू, अंगातून जशी वीज गेली. “तुम्ही?” मी उठले, फटाकडीचं डोकं मांडीवरून घसरलं त्याचंही भान राहिलं नाही. “तुम्ही घालता? मी इथे दोन आठवडे मरतेय, रोज पाढे म्हणतेय, भिंती रंगवतेय, आणि तुम्ही घालता? मी तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं की माझं डोकं जातंय, आणि तुम्ही तार पिळत बसलात? माणूस आहात की कोण आहात तुम्ही?” यातले निम्मे शब्द तोंडातच अडकले, पण अर्थ पोचला असावा.

“त्या ओरडत होत्या,” हे म्हणाले. “चार तासांनी पोट भरत नाही त्यांचं. माझ्याच्याने बघवेना. एकच फेरी.”

आणि मी खरं तेच सांगणार आहे. त्या रागाच्या खाली मला इतकं हलकं वाटत होतं की मी हसले असते. माझं डोकं शाबूत होतं. शेळी मरायला टेकली होती आणि माझ्या मनात गाणं वाजत होतं, मी नाही, मी नाही, मी नाही.

“भांडण नंतर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एका जादा फेरीने ही अशी आडवी पडत नाही. लेंड्या बिघडतील, फॅट उतरेल, पण हे नाही होणार. आज किती घातलंत, काका?”

“एकच.”

“नक्की?”

“अहो, एकच. सोळा डबे. मोजून.”

“गोणी आणा.”

मी आणि त्यांनी मिळून गोणी काट्याला लटकवली. काटा हलला, थांबला. तीस. मी भिंतीकडे बघितलं. माझ्याच अक्षरात, सकाळी अकराला लिहिलेलं, पंचेचाळीस. अकरा ते एक शेळ्या कुरणात होत्या. एक ते अडीच मी दाताच्या खुर्चीत तोंड उघडून पडले होते. पंधरा किलो. पाच-पाचच्या तीन फेऱ्या.

मी तोंड उघडलं, आणखी सुनवायला. खोटं बोलता म्हणून. आणि ह्यांच्याकडे बघितलं.

हे खोटं बोलत नव्हते. हे काट्याकडे बघत होते. ओठ हलत होते, बोटं हलत होती, मोजत होते. “एकदाच घातलं,” हे म्हणाले, मला नाही, काट्याला. “मग त्या ओरडल्या. मग मला वाटलं... मी घातलं होतं ना? घातलं होतं. मग त्या का ओरडत होत्या?” आणि माझ्याकडे वळून बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. दोन आठवडे मी ती आरशात बघत होते.

माझ्या मनातलं गाणं तिथेच थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी काम सुरू केलं. फटाकडीच्या घशातून नळी घालून पोटातलं आंबलेलं बादलीभर बाहेर काढलं. इंजेक्शनं दिली, औषध पाजलं. त्या तिघींनाही दिलं, आणि बाकीच्या बाराजणींना एकेक करून तपासलं. त्यांनी तीन फेऱ्या पचवल्या कशा कोण जाणे, बहुतेक फटाकडीनेच सगळ्यांच्या गव्हाणीत तोंड घातलं असेल, ती आहेच तशी. दोन दिवस खुराक बंद, नुसतं सुकं गवत आणि पाणी. अंधार पडायच्या आत उठून उभी राहिली आणि रवंथ सुरू केला, तर जगली. जाताना हात धुता धुता त्या मला हळूच म्हणाल्या, “काकांना माणसांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. उद्याच जा. तुमच्यासारखं दोन आठवडे घालवू नका.”

मी मान हलवली. दाढेतली बधिरता उतरली होती आणि कळ मस्तकात जात होती, पण मला ती बरी वाटत होती, निदान कशाने दुखतंय ते तरी माहीत होतं.

मी गोठ्यात परत आले तेव्हा हे फटाकडीपाशी खाली बसले होते, तिच्या कुशीवर हात ठेवून. मीही बसले. तेहतीस वर्षांत मी एवढी गप्प कधी बसले नव्हते.

“कधीपासून?” मी विचारलं.

“थंडीपासून असेल.” हे शेळीशी बोलल्यासारखे बोलत होते. “फाटकात त्यांना मोजतो. सोळा. मग वाटतं, मोजल्या का? परत मोजतो. मागच्या महिन्यात कुरणातून येताना फाट्यावर उभा राहिलो. घर डावीकडे की उजवीकडे, कळेना. चाळीस वर्षांची वाट. शेळ्या डावीकडे वळल्या, मी त्यांच्या मागे आलो.”

हे रोज एकटे जात होते. रोज नऊ वाजता मी फाटकात उभी राहून वर सांगत होते, वेळेवर परत या.

“मला का नाही सांगितलंत? मी सांगितलं ना तुम्हाला. मी आले ना तुमच्याकडे.”

फटाकडीने एकदा पाय झाडला, पुन्हा निपचित पडली.

“तू सांगितलंस ना,” हे म्हणाले, “की तुझं डोकं जातंय. मला माहीत होतं, दुपारची फेरी मी घालतो. पण गोणी त्याहूनही लवकर संपत होती, ते मलाही दिसत होतं. मी म्हटलं, म्हणजे जास्तीचं ही घालते. हीच विसरते. म्हणजे ते माझं नाही.” ह्यांनी फटाकडीच्या कुशीवरचा हात काढून घेतला. “मला बरं वाटलं गं. तू समोर घाबरून उभी होतीस आणि मला बरं वाटलं.”

मला राग यायला हवा होता. एरवी मी गोठा डोक्यावर घेतला असता. पण मी काय बोलणार होते? दोन तासांपूर्वी, ह्याच गोठ्यात, मलाही बरंच वाटलं होतं. आणि ते मी ह्यांना सांगू शकले नाही. हे तेवढं सांगू शकले, मी अजून सांगितलेलं नाही.

सहाच्या सुमाराला फटाकडीने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला, एकदा कोलमडली, आणि उभी राहिली. पाय थरथरत होते. मग तिने ढेकर दिली, जबडा एका बाजूला सरकला, आणि ती चघळायला लागली. एरवी मी आनंदाने नाचले असते. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. ती जगली होती, ते डोळ्यांना दिसत होतं. पण पोटातली भीती तसूभरही हलली नव्हती, फक्त तिने माणूस बदलला होता, आणि माझ्या स्वतःच्या भीतीपेक्षा ही कितीतरी जड होती.

“उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय,” मी म्हणाले. “तिथून आल्यावर कुरणात मीपण येणार. उद्यापासून रोज.”

“तू कशाला? चार तास तर चरायचं.”

“तुमच्यावर नजर ठेवायला,” मी म्हणाले. दुसरं काही गोड बोलायला मला सुचलंच नाही, आणि खोटं बोलायची ताकद नव्हती.

मला वाटलं, हे चिडतील, किंवा काहीतरी थट्टा करतील. ह्यांनी माझा हात शोधला आणि धरला, इतका घट्ट की बोटं दुखली.

“ठेव,” हे म्हणाले. “आणि मी तुला ‘तुम्ही कोण’ असं विचारलं ना, तर चिडू नकोस. फक्त घरी आण.”